दाजींच्या नावाचा शंख

दाजी गेल्याची बातमी मला एकदाच आली, आणि ती खोटी होती. ते खरोखर गेले तेव्हा बातमी यायची गरजच पडली नाही. मी त्यांच्या उशाशी बसलेलो होतो. या दोन दिवसांच्या मधल्या काळात मी, माझी अक्का आणि दाजी स्वतः, आम्ही तिघंही सतत भीत होतो, आणि कशाला भितो ते एकमेकांना सांगत नव्हतो. आता त्यांना जाऊन महिना होत आला. लोक म्हणतात, माणूस गेला की निदान त्याच्या मरणाची भीती तरी संपते. माझी संपलेली नाही, म्हणून हे लिहायला बसलो आहे.

लातूरला क्लासेसच्या भागात माझं झेरॉक्सचं दुकान आहे. त्या दुपारी दुकानात नोट्स घेणाऱ्या पोरांची झुंबड होती आणि दाजींच्या गावाहून, म्हणजे बिलोली तालुक्यातल्या मांजरेकाठच्या गावाहून, त्यांच्या शेजाऱ्याचा फोन आला. "महालिंगअप्पा लिंगैक्य झाले. शंख वाजला." एवढं बोलून फोन कटला. अक्काचा फोन लागेना. मी शटर ओढलं, मिळेल ती एसटी धरली आणि उदगीरच्या स्टँडवर पुढच्या गाडीची वाट पाहत उभा होतो, तेवढ्यात खिशातला फोन वाजायला लागला. बघतो तर दाजींचं नाव. मेलेल्या माणसाचा फोन कसा उचलायचा हे कुणी शिकवलेलं नसतं. मी तो बराच वेळ नुसता हातात धरून पाहत राहिलो... शेवटी कानाला लावला. "पाव्हणं, मी बोलायलोय," दाजी म्हणाले, "यायची घाई करू नका. रस्ता पान्याखाली हाय." त्यांचा आवाज ओळखीचा होता, पण मला आनंद झाला नाही. नुसती भीती वाटली.

हे नीट कळायला दाजी कसे होते ते सांगावं लागेल. महालिंगअप्पा म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, गावात मठाशेजारी भुसाराचं दुकान, कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, आणि स्वभावानं अव्वल दर्जाचे भित्रे. मेहुणा म्हणून मला चेष्टेचा हक्क होता आणि तो मी मनसोक्त वापरला. वीज कडाडली की हा माणूस पोत्यांच्या थप्पीआड जाऊन बसायचा. सुई पाहिली की डोळे मिटायचा. लग्नात माझ्या वडिलांनी खाकरून घसा साफ केला तर यांनी हातातला लाडू ताटात परत ठेवला होता. खाकी कपडे दिसले की पोस्टमन असला तरी उठून उभे राहायचे. अशा माणसाला सरकारी समितीवर मठाचा प्रतिनिधी कुणी केला, असं कुणीही विचारील. त्याचं उत्तर सोपं आहे. तालुक्याला आपत्ती व्यवस्थापनाची समिती होती. गावातलं उंचावरचं ठिकाण म्हणजे मठ, पूर आला तर माणसं तिथंच आणायची, म्हणून मठाचा एक माणूस समितीत हवा होता. मठाचे स्वामी थकलेले, बाकीच्या विश्वस्तांना तहसीलला चकरा मारायच्या नव्हत्या, आणि दाजींना नाही म्हणायची भीती वाटली. झालं.

पहिल्या बैठकीहून त्यांनी मला बिलोलीच्या स्टँडवरून फोन केला तेव्हा आवाज कापत होता. समितीत मशिदीचे सदर म्हणजे अध्यक्ष होते, विहाराचे गुरुजी होते, देवळाचे पुजारी होते, आणि समोर पडद्यावर नुसती अक्षरं. ईओसीकडून अलर्ट येणार, आयसी हुकूम देणार, एसओपीप्रमाणं बीडीओंशी समन्वय ठेवायचा. सदरसाहेबांनी त्यांना कोपरानं ढोसून हळूच विचारलं, "आप्पा, समजलं का?" दाजी म्हणाले, "सगळं." मग दोघंही घाम पुसत मान डोलवत राहिले. "नागनाथराव," मला म्हणाले, "आयसी म्हणजे काय? माझ्या नावासमोर लावलंय का काय ते कळंना. जामीन मिळतो का त्याला?" मी पोट धरून हसलो. मला तरी कुठं येत होतं! दुकानात आलेल्या पोरांना विचारून, फोनवर शोधून मी सांगितलं, की आयसी म्हणजे संकटाच्या जागी ज्याचा हुकूम चालतो तो अधिकारी. ईओसी म्हणजे आपत्तीचा नियंत्रण कक्ष. एसओपी म्हणजे काय झालं तर कुणी काय करायचं हे आधीच ठरवून ठेवलेली रीत. दाजी हं हं करत ऐकायचे आणि शेवटी प्रत्येक अक्षराबद्दल एकच प्रश्न विचारायचे. "हे आलं तर पळायचं का थांबायचं?"

पुढं पुढं हीच त्यांची विद्या झाली. अक्षरांचा पूर्ण अर्थ त्यांना पाठ होत नसे, पण कोणती पळायची, कोणती थांबायची आणि कोणती नुसती चहा पिऊन जायची, हे त्यांना पक्कं कळायला लागलं. बीडीओ चहाचे. एनओसी थांबायची, आणि तीही फार थांबायची. तालुक्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पावसाळ्यात दिवसभर मेसेज पडायचे आणि दाजी गिऱ्हाइकाची तूर मोजता मोजता ते वाचायचे. मला वाटायचं, कळायला लागल्यावर भीती कमी होईल. झालं उलटंच. पूर्वी ते सगळ्यालाच भ्यायचे. आता नेमकं कशाला भ्यायचं ते कळलं होतं.

एका उन्हाळ्यात मी मठाच्या जत्रेला गेलो होतो. मठ टेकाडावर आहे. पायथ्याला दगडी भिंत, आणि तिथून नदीकडं उतरत गेलेली खालची गल्ली. त्या गल्लीत सगळ्या जातीधर्मांची हातावर पोट असलेली घरं. त्या दिवशी सरकारी माणूस येऊन पायथ्याच्या भिंतीवर लाल रंगानं एक आडवी रेघ मारत होता आणि रेघेवर लिहीत होता एचएफएल. दाजींनी अर्थ विचारला. तो म्हणाला, आजवर पुराचं पाणी जास्तीत जास्त जिथवर आलं, ती ही पातळी. "मंग ह्याच्या वर येनार न्हाई ना?" दाजींनी विचारलं. "आजवर नाही आलं," असं म्हणून त्यानं ब्रश पुसला आणि निघून गेला. दाजींनी अक्काला हाक मारली आणि भिंतीला पाठ लावून उभी राहा म्हणाले. रेघ तिच्या डोक्याच्या वर होती. मग त्यांनी डोळ्यासमोर तळहात आडवा धरून ती रेघ गल्लीवर नेली. पहिलंच घर रहेमतबीचं, एकट्या म्हातारीचं. रेघ तिच्या पत्र्याला टेकत होती. त्याच्या पुढची घरं तर आणखी खाली. "अक्का, सरक तिथून," मी उगाच म्हणालो. कडक ऊन होतं, नदीत पोरं गुडघाभर पाण्यात मासे धरत होती, आणि माझ्या अंगावर काटा आला होता.

त्या वर्षी पावसाळ्यात दाजींनी मठाच्या भोंग्यावरून दोनदा गल्लीला वर बोलावलं. दोन्ही वेळा लोक भिजत वर आले, दोन्ही वेळा पाणी काठाला लागून उतरलं. लांडगा आला रे आला म्हणणाऱ्याचं जे होतं तेच झालं. चावडीवर पोरं त्यांना ईओसीआप्पा म्हणायला लागली. हे सांगताना दाजीही हसले, पण त्यांना चेष्टेची काळजी नव्हती. त्यांची भीती वेगळीच होती, आणि ती त्यांनी मला एवढीच सांगितली, "आता खरं आलं तर कोन येतंय वर?"

खरं आलं ते पुढच्या वर्षी, लख्ख उन्हाच्या दुपारी. गावात पावसाचा थेंब नव्हता. खालच्या गल्लीत अंगणाअंगणात उडीद वाळू घातला होता. पाऊस वर कुठंतरी पडला होता आणि मेसेज आला, की धरण एफआरएलला, विसर्ग वाढवला, संध्याकाळपर्यंत एचएफएल ओलांडण्याची शक्यता. असा मेसेज आला की त्यांचा मला फोन यायचा. त्या दिवशी आला नाही. सगळं त्यांचं त्यांना कळलं होतं. धरण तोंडोतोंड भरलंय आणि पाणी त्या लाल रेघेच्याही वर जाणार आहे. हे वाचल्यावर त्या भित्र्या माणसाचं काय झालं असेल, याचा विचार मी अजूनही करू शकत नाही.

ते चपला न घालता मठात पळाले. भोंगा हातात घेतला, पण भीतीनं जीभ अशी अडखळली की तोंडातून सरकारी अक्षरंच बाहेर पडली. ईओसीचा मेसेज हाय, एफआरएल झालंय, एचएफएल वलांडनार हाय. गल्लीतून कुणीतरी ओरडून सांगितलं, आप्पा, जरा वर ऊन बघा. बायका उडीद हलवत राहिल्या. दाजी खाली गेले, दारोदार हात जोडले. रहेमतबीनं त्यांना पाणी विचारलं. तहसीलचा फोन सारखा बिझी, तलाठी दुसऱ्या गावच्या पुलावर अडकलेला. नदी अजून काठातच होती, फक्त तिचा रंग बदलला होता आणि वाहून आलेली झाडं दिसायला लागली होती.

आता त्या गावची एक रीत सांगतो, जी मी दुसऱ्या कुठल्या गावात पाहिली नाही. गावात कुणीही मेलं, कुठल्याही जातीचं, कुठल्याही धर्माचं, की मठाचे स्वामी शंख वाजवतात आणि मेलेल्याचं नाव सांगतात. शंख ऐकला की हातातलं टाकायचं, चूल विझवायची, दार उघडं ठेवायचं आणि घरातल्या सगळ्यांनी रिकाम्या हातानं मठाच्या अंगणात यायचं. तान्ही लेकरंसुद्धा. अंथरुणाला खिळलेल्याला बाजेवर उचलून आणतात. अंगण भरलं नाही तर जाणारा एकटा जात नाही, सोबतीला कुणाला तरी नेतो, असं ते मानतात. शिकलेली पोरं चावडीवर या गोष्टीला हसतात आणि शंख वाजला की सगळ्यांच्या पुढं पळतात.

दाजी स्वामींच्या पाया पडले आणि शंख वाजवा म्हणाले. हे सगळं मला नंतर स्वामींनीच सांगितलं. त्यांनी विचारलं, कुणाच्या नावानं? नाव घेतल्याशिवाय शंख वाजत नाही. दाजींनी पुन्हा पाय धरले. स्वामी म्हणाले, "जित्या मान्साचं नाव घेतलं तर ते मागं फिरत न्हाई, महालिंगप्पा. हे खेळ न्हाई."

"माझं घ्या."

"लेकराबाळाचा बाप हाईस."

"म्हनूनच, म्हाराज. दुसऱ्याचं कसं देऊ?"

आणि स्वामींनी भोंग्यासमोर शंख वाजवला. अक्का घरात ताक घुसळत होती. घटकेपूर्वी पाणी पिऊन गेलेल्या आपल्या नवऱ्याचं नाव तिनं भोंग्यावर ऐकलं, लिंगैक्य झाले हे ऐकलं, आणि ती तशीच धावली. मठाच्या गाभाऱ्याबाहेर दाजी भिंतीला टेकून उभे होते, कानांवर दोन्ही हात गच्च दाबलेले, डोळे मिटलेले. तिनं त्यांच्या छातीला हात लावून पाहिलं. मग ती खाली बसली... तेवढ्यात गल्ली वर यायला लागली. उडीद तसाच टाकून, शेरड्या दावणीला सोडून, लेकरं काखेत मारून, म्हातारे बाजेवर घालून, सगळे. आप्पा गेले म्हणून बायका वाटेतच रडायला लागल्या होत्या. अंगण भरलं तेव्हा दाजी पायरीवर येऊन उभे राहिले. क्षणभर कुणालाच काही कळेना. मग जो गलका झाला! एकानं तर त्यांची बंडी धरली. दाजी एवढंच म्हणत होते, "मारा, पन वर थांबा. मारा, पन खाली जाऊ नका." कुणी जायला निघालंच असतं, तेवढ्यात खालून कोंबड्यांचा कलकलाट आला. पाणी नदीकडून आलंच नाही. मागच्या नाल्यातून गल्लीत शिरलं होतं. दिवेलागणीपर्यंत ती लाल रेघ दिसेनाशी झाली. रहेमतबीचा पत्राही.

माणूस एकही गेलं नाही. बाकी सगळं गेलं, शेरड्या, धान्य, भांडी. पुढं लोक दाजींच्या पाया पडायला आले तर ते दुकानात लपून बसले. तालुक्याच्या बैठकीत साहेबांनी कौतुक केलं आणि विचारलं, कोणती एसओपी वापरली? दाजी म्हणाले, मठाची. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सदरसाहेबांना खरं ठाऊक होतं, ते तेवढे टाळ्या वाजवायचे थांबले होते, असं दाजी सांगायचे.

अक्का मात्र त्यांच्याशी कितीतरी दिवस बोलली नाही. मला म्हणाली, "गल्ली वाचली, लई चांगलं झालं. पन माझं कुंकू ह्यांनी भोंग्यावरून पुसलं, नागू. मला इचारलं का?" तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. ती जेवताना त्यांच्या घशाकडं पाहायची. ते झोपले की छाती हलते का बघायची. मी इथं लातूरला रोज सकाळी काहीतरी निमित्त काढून फोन करायचो, तुरीचा भाव विचारायचो. मला तुरीशी काय करायचं होतं? दाजींना सगळं कळत होतं. त्यांनी मठाच्या पायऱ्या चढणं बंद केलं होतं. बाहेरूनच नमस्कार करायचे.

गेल्या थंडीत छातीत जड वाटतं म्हणून ते लातूरला तपासायला आले. ईसीजी काढला, टूडी एको केला, आणि दवाखान्याच्या बाकावर बसून मी सवयीनं चेष्टा केली. म्हटलं, "दाजी, ही अक्षरं कसली? पळायची का थांबायची?" ते बारीक हसले. म्हणाले, "ही थांबायची हाईत, पाव्हणं." मग माझ्याकडं न बघता बोलले. "शंख वाजला ना, तवा मला वाटलं मी खरंच गेलो. कान झाकले तरी आत ऐकू यायलता. अजून येतो कवाकवा. वाईट वाटत न्हाई. भ्या वाटतं नुसतं." मला काहीतरी धीराचं बोलायला हवं होतं. आयुष्यभर ज्याच्या भित्रेपणावर हसलो त्या माणसाला भिऊ नका कसं म्हणायचं? मी त्यांचा हात धरला. तो गार होता.

गेल्या महिन्यात अक्कानं बोलावलं म्हणून मी गेलो. दोन दिवस ते पडूनच होते. दिवस उगवायच्या वेळी त्यांनी पाणी मागितलं, एक घोट घेतला, आणि गेले. मठ हाकेच्या अंतरावर. स्वामी काठी टेकत आले, विभूती लावली, आणि शंख हातात घेऊन तसेच उभे राहिले. त्यांचा हात उचलेना. एका नावानं दोनदा शंख कधी वाजला नव्हता. वाजवावा का, हे विचारायला त्यांच्याहून मोठं कुणी उरलं नव्हतं. अक्का भिंतीला टेकून बसली होती. तीच म्हणाली, वाजवा म्हाराज, ह्या येळी खरं हाय.

शंख वाजला. नाव घेतलं गेलं. मी रीतीप्रमाणं दार उघडं ठेवलं आणि मठाच्या अंगणात जाऊन उभा राहिलो, खालून माणसं येताना पाहत. आधी मला वाटलं, माझे डोळे फसतायत. ते रिकाम्या हातानं आले नव्हते. डोक्यावर गाठोडी होती, ट्रंका होत्या. कुणी गॅसची टाकी खांद्यावर घेतली होती, कुणी शेरड्या ओढत होतं, कोंबड्या टोपल्याखाली झाकून आणल्या होत्या. पोरांच्या पाठीवर दप्तरं. कुणीही रडत नव्हतं. सगळे धापा टाकत वर आले, सामान अंगणात रचलं आणि वळून नदीकडं बघत उभे राहिले. नदी तळाला होती. वाळू दिसत होती. तरी ते बघत राहिले. रहेमतबी माझ्याजवळ आली आणि तिनं विचारलं, पाणी कुठवर आलंय, आप्पाला किती टाइम दिलाय तहसीलवाल्यांनी? स्वामींनीच पायरीवरून सांगितलं, की पाणी नाही, आप्पाच गेले.

मग शेरड्या धरलेले हात सैल पडले, आणि गल्लीतल्या बायका एकेक करून, सामान तिथंच सोडून, दाजींच्या घराकडं गेल्या. दाजींना आत लिंगपूजेला बसतात तसं मांडी घालून बसवलं होतं, समाधीला नेण्यासाठी. रहेमतबी त्यांच्यासमोर बराच वेळ बसली. निघताना उंबऱ्याशी थांबली आणि कुणाला विचारावं ते न कळून तिनं सगळ्यांनाच विचारलं, "आता पानी आलं तर शंख कुनाच्या नावानं वाजवनार?"

पुरुष खाली बघायला लागले. माझं नाव माझ्या घशातच राहिलं. जिनं वर्षभर त्या शंखासाठी नवऱ्याला माफ केलं नव्हतं, ती माझी अक्का त्यांच्या शेजारी बसून त्यांच्या हातातलं लिंग नीट करत होती. तिनं मान वर केली नाही.

"माझ्या," ती म्हणाली.